टोळीतून वस्तीकडे : शिकागो शहराचा नव्वद वर्षांचा अनुभव

तरुण मुलगा गुंडांच्या टोळीत का शिरतो, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार विचारला जातो. तो टोळीतून बाहेर कसा येतो, त्याला बाहेर कोण आणतो आणि बाहेर आलेल्याला कोण सांभाळतो, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्या मुलाच्या घरात, जातीत किंवा स्वभावात शोधले जाते आणि चर्चा तेथेच थांबते. पुढील प्रश्नांकडे वळल्यास चर्चेचा रोख मुलावरून समाजाकडे वळतो. कदाचित म्हणूनच ते प्रश्न टाळले जात असावेत.

या दृष्टीने अमेरिकेतील शिकागो शहराचा इतिहास अत्यंत उद्बोधक आहे. टोळ्यांच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया याच शहरात घातला गेला. टोळीतील मुलांना त्यांच्याच वस्तीच्या आधाराने परत आणण्याचा संघटित प्रयोगही याच शहरात झाला. गेल्या नव्वद वर्षांत तो प्रयोग तेथे निरनिराळ्या रूपांनी पुनःपुन्हा उभा राहिला आणि पुनःपुन्हा मोडला. तो कोणी उभा केला आणि कोणी मोडला, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. गुन्हा वंशाचा की वस्तीचा?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकागो शहर विलक्षण वेगाने वाढले. कत्तलखाने, पोलादाचे कारखाने आणि रेल्वेची यार्डे यांच्याभोवती युरोपातून आलेल्या गरीब स्थलांतरितांच्या दाट वस्त्या उभ्या राहिल्या. या वस्त्यांतील मुले चोरीमारीत सापडत आणि प्रौढ गुन्हेगारांबरोबर कोठडीत डांबली जात. याविरुद्ध हल हाउस या संस्थेच्या जेन ॲडम्स आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी आवाज उठविला. परिणामी १८९९ मध्ये शिकागोत मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले. ते जगातील पहिले बालन्यायालय मानले जाते. मुलाला शिक्षेपेक्षा संगोपनाची गरज आहे, हे तत्त्व येथे प्रथमच कायद्याच्या भाषेत मान्य झाले. परंतु न्यायालयातून किंवा सुधारगृहातून सुटलेला मुलगा पुन्हा त्याच गल्लीत आणि त्याच सोबत्यांत परत येत असे. गल्ली तशीच राहिली, तर मुलगा कसा बदलणार, हा प्रश्न शिल्लक राहिलाच.

१९२७ मध्ये फ्रेडरिक थ्रॅशर या अभ्यासकाने शिकागोतील १,३१३ टोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टोळीचा उगम बहुधा मुलांच्या साध्या खेळगड्यांच्या गटात असतो, असे त्याने दाखवून दिले. शाळा, घर आणि समाजाच्या इतर संस्था जेथे दुबळ्या पडतात, तेथे हा गट मुलाला साहस, प्रतिष्ठा आणि आपलेपणा देतो. बाहेरच्या लोकांशी संघर्ष सुरू झाला की त्याच गटाची टोळी होते. थोडक्यात, टोळी ही समाजाने रिकाम्या सोडलेल्या जागेत उगवते.

याहून महत्त्वाचे कार्य क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोघांनी केले. शॉ हे आधी पॅरोल अधिकारी आणि नंतर बालन्यायालयात परिवीक्षा अधिकारी होते. बालन्यायालयापुढे आलेल्या हजारो मुलांच्या घरांचे पत्ते त्यांनी शहराच्या नकाशावर मांडले. शहराच्या मध्यभागालगतच्या आणि कारखान्यांलगतच्या मोडकळीस आलेल्या वस्त्यांत बालगुन्हेगारीचे प्रमाण सर्वाधिक होते आणि मध्यापासून दूर जावे तसतसे ते घटत होते. खरी लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. या वस्त्यांत प्रथम जर्मन आणि आयरिश लोक होते, त्यांच्यानंतर पोलिश आणि इटालियन आले. माणसे बदलली, भाषा बदलल्या. तरी त्या वस्त्यांतील गुन्हेगारीचे प्रमाण जवळजवळ तसेच राहिले. उलट, जे समूह तेथून चांगल्या वस्तीत गेले त्यांच्या मुलांतील प्रमाण घटले. तेव्हा गुन्हेगारी हा कोणत्याही वंशाचा गुण नसून ती त्या वस्तीच्या परिस्थितीची निपज आहे, असा निष्कर्ष निघाला. १९२९ आणि १९४२ च्या ग्रंथांतून हे संशोधन जगापुढे आले.

या निष्कर्षाचे मोल भारतीय वाचकाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टने आपल्या देशातील संपूर्ण जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या होत्या. सोलापूरसारख्या ठिकाणी माणसे तारांच्या कुंपणातील ‘सेटलमेंट’मध्ये ठेवली गेली. त्या कलंकातून कायद्याने मुक्ती मिळाली ती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. शॉ आणि मॅके शिकागोच्या नकाशावर टिंबे मांडीत होते, त्या काळात आपल्याकडे मूल जन्मताच त्याच्या कपाळी गुन्हा लिहिला जात होता.

२. वस्तीनेच आपली मुले सांभाळावीत

शॉ केवळ अभ्यास करून थांबले नाहीत. दोष वस्तीच्या परिस्थितीत असेल, तर उपायही वस्तीतूनच आला पाहिजे, या विचारातून त्यांनी १९३० नंतरच्या महामंदीच्या काळात ‘शिकागो एरिया प्रोजेक्ट’ सुरू केला. १९३४ मध्ये त्याची संस्था म्हणून नोंदणी झाली. पहिला महत्त्वाचा प्रयोग दक्षिण शिकागोतील रसेल स्क्वेअर भागात झाला. पोलादाच्या प्रचंड कारखान्याला लागून असलेली ही पोलिश कामगारांची वस्ती होती. मुलांसाठी क्लब, खेळ आणि उन्हाळी शिबिरे सुरू झाली. हा प्रकल्पाचा दृश्य भाग होता; त्यामागील कार्यपद्धती अधिक मूलगामी होती.

त्या काळी समाजकार्य म्हणजे सुशिक्षित आणि सुस्थितीतील लोकांनी गरिबांच्या वस्तीत येऊन त्यांना सुधारणे, अशी समजूत होती. शॉ यांनी ती नाकारली. वस्तीतील लोकांनी आपली समिती स्वतः निवडावी, कार्यक्रम स्वतः ठरवावा आणि पगारी कार्यकर्ताही शक्यतो त्याच वस्तीतील असावा, असा त्यांचा आग्रह होता. कार्यकर्ता पूर्वी स्वतः टोळीत किंवा सुधारगृहात राहिलेला असेल, तर ती त्याची अपात्रता मानली जात नसे. तो नाक्यावर मुलांमध्ये उभा राहून त्यांच्याशी बोले. मुलगा पकडला गेला तर पोलीस आणि न्यायालय यांच्यापुढे समितीची माणसे उभी राहत आणि त्याला सुधारगृहात पाठविण्याऐवजी आमच्या देखरेखीखाली द्या, अशी मागणी करीत. सुधारगृहातून परतलेल्या मुलाचे स्वागत करणे आणि त्याला शाळेत किंवा कामावर चिकटवून देणे, हेही समितीचेच काम असे. व्यावसायिक समाजकार्यकर्त्यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली. अशिक्षित माणसांच्या, त्यातही माजी गुन्हेगारांच्या हाती मुले कशी सोपवायची, असा त्यांचा आक्षेप होता.

प्रकल्पाला पंचवीस वर्षे झाल्यावर सॉलोमन कोब्रिन यांनी १९५९ मध्ये त्याचे मूल्यमापन केले. गुन्हेगारी नेमकी किती घटली हे काटेकोरपणे सिद्ध करता येत नाही, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले. मात्र अत्यंत दरिद्री वस्तीतील लोकही आपल्या मुलांसाठी संघटित होऊ शकतात आणि संस्था चालवू शकतात, ही गोष्ट निर्विवाद सिद्ध झाल्याचे त्यांनी नोंदविले.

या प्रयोगाच्या दोन मर्यादा इतिहासाने पुढे आणल्या. पहिली मर्यादा आर्थिक होती. शॉ यांनी कारखानदार आणि राज्यकर्ते यांच्याशी संघर्ष टाळला. त्यांचेच सहकारी सॉल अलिन्स्की यांना हे पटले नाही. त्यांनी वेगळी वाट धरून १९३९ मध्ये कत्तलखान्यालगतच्या वस्तीत ‘बॅक ऑफ द यार्ड्स नेबरहूड कौन्सिल’ स्थापन केली. दुसरी मर्यादा अधिक गंभीर होती. गोऱ्या कामगारांची हीच कौन्सिल पुढे कृष्णवर्णीयांना वस्तीत येऊ न देण्यासाठी प्रसिद्ध झाली. स्वतः अलिन्स्की यांनाही त्याची खंत वाटली. वस्तीची एकजूट ही स्वयमेव सद्गुण नव्हे. भारतीय खेड्याच्या गोडव्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी जे उत्तर दिले, त्याचा मथितार्थ हाच होता. समतेवाचून एकजूट झाली, तर तिची भिंत होते.

३. एकाच्या टोळीला क्लब, दुसऱ्याच्या टोळीला तुरुंग

ही भिंत किती जुनी होती, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. २७ जुलै १९१९ रोजी मिशिगन सरोवराच्या काठी एका कृष्णवर्णीय मुलाला दगड मारण्यात आले आणि तो बुडून मरण पावला. त्यातून उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मरण पावली. त्यांपैकी २३ कृष्णवर्णीय होती. दंगलीच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १९२२ च्या अहवालात गोऱ्या तरुणांच्या ‘ॲथलेटिक क्लबां’वर स्पष्ट ठपका ठेवला. नावाने हे व्यायाम व क्रीडामंडळ. प्रत्यक्षात स्थानिक पुढाऱ्यांच्या आश्रयाने वाढलेल्या टोळ्या.

अशा क्लबांपैकी एक हॅम्बर्ग ॲथलेटिक क्लब होता. आयरिश वस्तीतील रिचर्ड डेली हा तरुण त्याचा सभासद होता. १९२४ मध्ये तो क्लबचा अध्यक्ष झाला आणि पुढे १९५५ पासून १९७६ पर्यंत शिकागोचा महापौर राहिला. दंगलीच्या वेळी डेली सतरा वर्षांचे होते. त्या दंगलीत त्यांचा काही सहभाग होता किंवा नाही, हे कधीच सिद्ध झाले नाही आणि त्यांनीही त्यावर बोलण्याचे टाळले. तो मुद्दा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांना या शहरात बाहेर पडण्याची वाट होती. पक्षाचे काम, नगरपालिकेतील नोकरी, पोलीस दल आणि अग्निशमन दल या पायऱ्यांनी टोळीतील मुलगा प्रतिष्ठित नागरिक होत असे. दक्षिणेकडील राज्यांतून पोटासाठी आलेल्या कृष्णवर्णीयांच्या मुलांना यांतील एकही पायरी सहजी उपलब्ध नव्हती.

४. काचांच्या जागी हिरवळ

१९५० नंतरच्या दशकात पश्चिम शिकागोतील लॉनडेल भाग गोऱ्या वस्तीचा कृष्णवर्णीय वस्ती झाला. या भागातील काही मुले सेंट चार्ल्स येथील सुधारगृहात एकत्र आली आणि तेथे ‘व्हाइस लॉर्ड्स’ या टोळीचा जन्म झाला. सुधारगृहातच टोळी जन्मास यावी, हा त्या व्यवस्थेवरील मोठाच अभिप्राय होय. काही वर्षांतच ही टोळी शहरातील प्रबळ टोळ्यांपैकी एक झाली.

जानेवारी १९६६ मध्ये डॉ. मार्टिन लूथर किंग याच लॉनडेलमध्ये भाड्याच्या घरात राहावयास आले. त्यांनी टोळ्यांच्या तरुणांना घरी बोलावून त्यांच्याशी तासन् तास चर्चा केली. त्या वर्षीच्या मोर्चांत टोळ्यांतील अनेक तरुण स्वयंसेवक म्हणून चालले. गोऱ्या जमावाने दगड आणि बाटल्या फेकल्या, तरी त्यांनी हात उगारला नाही. डॉ. किंग यांनी याचा पुढे कौतुकाने उल्लेख केला. ज्यांना शहर हिंस्र श्वापदे समजत होते, ते शिस्तबद्ध अहिंसेला समर्थ ठरले. त्यांना तशी संधी कोणी यापूर्वी दिली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

१९६७ मध्ये व्हाइस लॉर्ड्सनी आपल्या संघटनेची ना-नफा संस्था म्हणून नोंदणी केली. रॉकफेलर आणि फोर्ड या प्रतिष्ठानांची अनुदाने मिळाली. तरुणांसाठी केंद्र, आइस्क्रीमचे दुकान, आफ्रिकी वस्त्रांचे दुकान, कलादालन आणि भाडेकरूंच्या हक्कांसाठी लढणारे पथक असे उपक्रम उभे राहिले. रस्त्यांवरील फुटक्या काचा वेचून त्या जागी हिरवळ लावण्याची मोहीम निघाली. बॉबी गोर हे या परिवर्तनाचे प्रमुख प्रवक्ते होते.

याच सुमारास दक्षिणेकडील वुडलॉन भागात ‘द वुडलॉन ऑर्गनायझेशन’ या वस्ती-संघटनेला केंद्र सरकारच्या दारिद्र्यनिर्मूलन कार्यालयाने सुमारे ९ लाख २७ हजार डॉलरचे अनुदान दिले. ‘ब्लॅकस्टोन रेंजर्स’ आणि ‘ईस्ट साइड डिसायपल्स’ या परस्परांच्या वैरी टोळ्यांतील तरुणांना अक्षरज्ञान आणि कामाचे शिक्षण द्यावयाचे आणि त्यासाठी टोळ्यांतीलच माणसे शिक्षक म्हणून घ्यावयाची, अशी योजना होती. महापौर आणि पोलीस खाते यांचा तिला आरंभापासून विरोध होता, कारण पैसा नगरपालिकेच्या हातून न जाता थेट वस्तीच्या संघटनेकडे जात होता. १९६८ मध्ये सिनेटर मॅक्लेलन यांच्या उपसमितीने तिची जाहीर चौकशी आरंभिली. योजना त्याच वर्षी संपुष्टात आली. येथे एक बाजू झाकून ठेवणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. रेंजर्सचा नेता जेफ फोर्ट याला या पैशांच्या अपहाराबद्दल १९७२ मध्ये शिक्षा झाली आणि पुढील काळात त्याने याहून भयंकर गुन्हे केले. पण नेत्याच्या गुन्ह्याची किंमत त्या वर्गांत अक्षरे गिरवणाऱ्या शेकडो मुलांनी भरली, हेही तितकेच खरे आहे.

१९६९ मध्ये महापौर डेली आणि सरकारी वकील एडवर्ड हॅनरहॅन यांनी टोळ्यांविरुद्ध ‘युद्ध’ पुकारले. त्याच वर्षी बॉबी गोर यांना खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. आपण निर्दोष आहोत, असे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. तरी त्यांना सुमारे अकरा वर्षे तुरुंगात काढावी लागली. प्रतिष्ठानांनी हात आखडते घेतले. दुकाने बंद पडली आणि लावलेली हिरवळ वाळून गेली. उपक्रम उभारणारे तुरुंगात गेले. टोळी मात्र शिल्लक राहिली.

या ठिकाणी मज्झिमनिकायातील अंगुलिमाल सुत्ताचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ही कथा बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतित व गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेच्या भागात घेतली आहे. अंगुलिमालाला पकडण्यासाठी राजा प्रसेनजित घोडदळ घेऊन निघाला होता. परंतु तो बदललेला पाहिल्यावर राजाने शस्त्र खाली ठेवले आणि त्याला चीवरादी वस्तू देऊ केल्या. शिकागोच्या राज्यकर्त्यांनी नेमके उलट केले. माणूस दरोडेखोर असताना जेवढा खपत होता, तेवढा तो संघटक झाल्यावर खपेना.

५. यंग लॉर्ड्स आणि एक दुवा

याच शहरातील लिंकन पार्क भागात प्वेर्तो रिको बेटावरून आलेल्या कुटुंबांतील मुलांची ‘यंग लॉर्ड्स’ नावाची टोळी होती. नागरी नूतनीकरणाच्या नावाखाली ही कुटुंबे त्या भागातून हुसकावली जात होती. टोळीचा म्होरक्या होसे ‘चाचा’ हिमेनेस १९६८ मध्ये तुरुंगात असताना वाचनाकडे वळला. बाहेर आल्यावर त्याने सोबत्यांना विचारले की, आपण रस्त्यांच्या ज्या हद्दीसाठी एकमेकांची डोकी फोडतो, ती वस्तीच आपल्या पायांखालून काढून घेतली जात आहे. मग आपला लढा कोणाशी? २३ सप्टेंबर १९६८ रोजी यंग लॉर्ड्स ही मानवी हक्कांची संघटना म्हणून उभी राहिली. तिने एका चर्चमध्ये पाळणाघर, आरोग्यकेंद्र आणि मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली. फ्रेड हॅम्प्टन यांच्या नेतृत्वाखालील ब्लॅक पँथर आणि गरीब गोऱ्यांची यंग पेट्रियट्स यांच्याबरोबर तिने आघाडी केली. टोळ्यांनी आपापसांतील वैर सोडावे, हे हॅम्प्टन यांच्या प्रयत्नांचे एक मुख्य सूत्र होते. ४ डिसेंबर १९६९ रोजी पहाटे हॅनरहॅन यांच्या कार्यालयाने घडवून आणलेल्या पोलिसी छाप्यात हॅम्प्टन झोपेत असतानाच मारले गेले. ते अवघे एकवीस वर्षांचे होते.

या घटनेनंतर तीन वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. तिने आपले नाव ब्लॅक पँथरवरूनच घेतले, हे सर्वविदित आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील आणि चाळींतील जे तरुण त्या नावाभोवती एकत्र आले, त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता : अंगातील संतापाचे काय करावयाचे? त्याला विचाराची दिशा मिळाली तर चळवळ होते. ती न मिळाल्यास त्याच संतापाला कोणीतरी आपल्या धंद्यासाठी भाड्याने घेतो.

६. काम गेले, तुरुंग आले

१९७० नंतर शिकागोतील वस्त्यांखालची जमीनच खचली. कत्तलखाने १९७१ मध्ये बंद झाले. लॉनडेलजवळचा, एके काळी चाळीस हजारांहून अधिक माणसांना काम देणारा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना १९८० नंतरच्या दशकात बंद पडला. रसेल स्क्वेअरच्या वस्तीचा आधार असलेला पोलाद कारखाना १९९२ मध्ये थांबला. पूर्वी टोळीतील मुलगा वयात आला की कारखान्यात लागे, लग्न करी आणि टोळी आपोआप सुटे. आता टोळी सोडून जावयाचे कोठे, हाच प्रश्न झाला. त्याच काळात अमली पदार्थांचा व्यापार वाढला आणि टोळी हीच नोकरी होऊन बसली.

राज्यकर्त्यांचे उत्तर तुरुंग हे होते. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील सर्व प्रकारच्या तुरुंगांत मिळून साडेतीन लाखांच्या आत-बाहेर माणसे होती. नव्या शतकाच्या आरंभी ती संख्या वीस लाखांच्या वर गेली. म्होरके तुरुंगात गेले, सरकारी गृहसंकुलांचे मनोरे पाडले गेले आणि मोठ्या टोळ्या फुटून त्यांचे गल्लोगल्ली लहान गट झाले. त्यांच्यावर कोणा एका नेत्याचा शब्द चालेना. क्षुल्लक अपमानावरून गोळीबार होऊ लागले.

७. भांडणाच्या मध्ये उभी राहणारी माणसे

डॉ. गॅरी स्लुटकिन हे साथरोगतज्ज्ञ आफ्रिकेत क्षय, पटकी आणि एड्स यांच्या निवारणाचे काम करून १९९५ मध्ये अमेरिकेस परतले. हिंसा हीदेखील साथीप्रमाणे एकापासून दुसऱ्याकडे पसरते, तेव्हा तिची साखळी मध्येच तोडली पाहिजे, असा विचार त्यांनी मांडला. या विचारातून २००० मध्ये वेस्ट गारफील्ड पार्क या भागात ‘सीझफायर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. २००४ पासून त्यात ‘हिंसा थोपविणारे’ मध्यस्थ नेमण्यात आले. हे बहुतेक पूर्वी टोळीत राहिलेले आणि शिक्षा भोगलेले स्त्री-पुरुष होते. कोठे भांडण शिजत आहे, याचा कानोसा घेऊन ते तेथे पोहोचत. गोळी लागलेल्या तरुणाच्या खाटेजवळ जाऊन त्याच्या मित्रांना सूडापासून परावृत्त करीत. ते पोलिसांचे खबरे नव्हते. तरुणांचा त्यांच्यावर विश्वास बसला तो त्यामुळेच आणि पोलिसांचा त्यांच्यावर रोष राहिला तोही त्यामुळेच. २०११ च्या एका माहितीपटातून हे काम जगापुढे आले. त्यातील एक प्रमुख कार्यकर्त्या अमीना मॅथ्यूज या जेफ फोर्टच्या कन्या होत. ज्या नावाच्या धाकाने एके काळी वस्ती थरथरत असे, त्याच घरातील लेक पुढे भांडणाच्या मध्ये उभी राहिली. मुलाचे भवितव्य बापाच्या गुन्ह्याने ठरत नाही, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

क्लिफर्ड शॉ यांनी सत्तर वर्षांपूर्वी नाक्यावर उभा केलेला कार्यकर्ता तो हाच. वस्तीतलाच, पूर्वायुष्य डागाळलेले, म्हणूनच ऐकला जाणारा. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००८ मध्ये सात ठिकाणांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी चार ठिकाणी गोळीबारात या उपक्रमामुळे १६ ते २८ टक्के घट झाल्याचे त्यांना आढळले. सर्वत्र सारखे यश मिळाले नाही, हेही त्यातून दिसते. पण राज्य सरकारने २००७ मध्ये अनुदान रोखले आणि २०१५ मध्ये पुन्हा तेच घडले. दोन्ही वेळा कार्यकर्ते घरी बसले आणि वर्षानुवर्षे जोडलेला विश्वास एका सरकारी आदेशाने तुटला. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय न्याय विभागानेही देशभरातील अशा अनेक संस्थांची मंजूर अनुदाने अकस्मात रद्द केली.

रोजगाराच्या बाजूनेही या शहरात विश्वसनीय पुरावा जमा झाला आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात हिंसाग्रस्त भागांतील शाळांच्या १,६३४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांना आठ आठवड्यांचे अर्धवेळ काम आणि एक वडीलधारा मार्गदर्शक देण्यात आला. पुढील सोळा महिन्यांत, काम न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, त्यांना हिंसक गुन्ह्यांबद्दल झालेल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी होत्या. विशेष म्हणजे ही घट मुख्यतः काम संपल्यानंतरच्या काळातील होती. म्हणजे मुले केवळ गुंतून पडली होती असे नव्हे. त्यांच्या वागण्यात काही मुरले होते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘रेडी’ या उपक्रमात अधिक धोक्यात असलेल्या प्रौढ तरुणांना अठरा महिने काम आणि मानसोपचाराचा आधार देण्यात आला. त्याच्या अभ्यासात २,४५६ पुरुष होते. एकंदर हिंसेच्या मापनात निःसंदिग्ध फरक दिसला नाही. परंतु वस्तीतील कार्यकर्त्यांनी ज्यांची नावे सुचविली होती, त्यांच्यात गोळीबार व खून यांबद्दलच्या अटका ७९ टक्क्यांनी घटल्या. कोणाला मदतीचा हात हवा आहे, हे आकडेमोडीच्या यंत्रापेक्षा नाक्यावरच्या माणसाला अधिक कळले.

८. निष्कर्ष

या इतिहासातून चार गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, टोळी रक्तातून येत नाही. शॉ आणि मॅके यांचा नकाशा जन्माधिष्ठित गुन्हेगारीच्या कल्पनेला दिलेले समर्पक उत्तर आहे. दुसरी, टोळीतील तरुणाशी संवाद साधण्याचा अधिकार त्याच्याच वस्तीतील, त्याचे दुःख जाणणाऱ्या माणसाला असतो. बाहेरून केलेला उपदेश त्याच्या कानाशी पोहोचत नाही. तिसरी, उपदेशाबरोबर काम आणि मानाची जागा मिळाली नाही, तर सोडलेली टोळी पुन्हा बोलावते. चौथी गोष्ट सर्वांत कटू आहे. हे प्रयोग मोडले, त्यात काही ठिकाणी तरुणांचेही दोष होते. तरी निर्णायक घाव बहुतेक वेळा वरून आला. कोठे राज्यकर्त्यांना वस्तीची स्वतंत्र शक्ती सहन झाली नाही, कोठे दात्यांचा उत्साह दोन वर्षांत संपला, कोठे अनुदान एका सहीने बंद झाले.

शिकागो एरिया प्रोजेक्ट ही १९३४ ची संस्था आजही कार्यरत आहे, ही गोष्ट येथे आवर्जून नोंदवावी लागेल. जे वस्तीच्या समित्यांवर उभे होते ते टिकले. जे सर्वस्वी अनुदानावर उभे होते ते अनुदानाबरोबर गेले. आपल्या वस्त्यांतील विहारे, अभ्यासिका, व्यायामशाळा आणि युवक मंडळे यांच्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. विहारात येणाऱ्या मुलांची आपण नोंद ठेवतो. जो येत नाही, नाक्यावर उभा असतो आणि ज्याच्याशी बोलण्याचे आपण टाळतो, त्याच्याशी बोलण्याची जबाबदारी कोणाची, हे प्रत्येक मंडळाने नाव घेऊन ठरविले पाहिजे. तो रिमांड होममधून किंवा तुरुंगातून परत येईल त्या दिवशी त्याला घ्यावयास कोण जाणार, त्याला काम कोण शोधून देणार, हेही तो परत येण्यापूर्वीच ठरलेले असावे. ते आपण ठरविले नाही, तर त्याला घ्यावयास टोळी आलेली असेल. ती कधी उशीर करीत नाही.